भिडेखातर खाल्लेल्या पोळ्या

अहो,

लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलताहेत आणि मला ते ऐकवत नाही. दुखवट्याला येणारा प्रत्येक जण सतरंजीवर टेकतो, पाणी नको म्हणतो, सुस्कारा सोडतो आणि एकच वाक्य बोलतो, "देवमाणूस होता. कुणाला कधी नाय म्हणला नाय." मी पदर तोंडाला लावून बसते. त्यांना वाटतं बाई रडतेय. बाई दातओठ खात असते.

कारण पुढचं वाक्य त्याहून वाईट असतं. तुम्ही त्यांच्या घरी शेवटचं काय खाल्लंत, ते प्रत्येकाला आठवतंय. बिडकीनचे तुमचे चुलतभाऊ सांगून गेले की पोळ्याच्या सणाला तुम्ही त्यांच्याकडे पुरणपोळ्या खाल्ल्यात, वरून तूप घेऊन, आणि "काय बी झालं नाय हो त्यांना." समोरच्या काकूंना सत्यनारायणाचा शिरा आठवला, दोनदा मागून घेतला म्हणे. वाळूजच्या कंपनीच्या बसमध्ये वर्षानुवर्षं तुमच्या शेजारी बसणारे तुमचे जोडीदार निरोप समारंभातल्या समोशाची आठवण काढून डोळे पुसत होते. घरी कळू द्यायचं नाही असं तुम्हीच सगळ्यांना बजावलं होतंत, हेही ते मोठ्या प्रेमानं सांगतात. तुमच्या मरणाला ज्यांनी ज्यांनी हात लावला, ते आपापला हात वर करून दाखवताहेत आणि मी त्यांना चहा विचारायचा.

इकडे मी घरात डोळ्यांत तेल घालून गव्हाचा कण शिरू दिला नाही, आणि तुम्ही गावभर पंगती झोडत होता. भीड भिकेची बहीण म्हणतात. तुमच्याकडे ती दोन्ही हातांनी जेवून गेली.

कशानं गेले, असं विचारतात. मी नाव सांगते. अल्सरेटिव्ह जेजुनायटिस. मग समोरचा म्हणतो, म्हणजे ॲसिडिटीच ना. किंवा म्हणतो, पण ते तर पीत नव्हते. लोकांना आजार ओळखीचा लागतो. हार्ट अटॅक म्हटलं की माना डोलतात, कॅन्सर म्हटलं की आवाज खाली येतो. लहान आतड्याला आतून व्रण पडत गेले आणि सूज येऊन आतडं आवळत गेलं, असं सांगितलं की ते माझ्याकडे असं बघतात जणू मीच काहीतरी घरच्या घरी बनवून सांगतेय.

पहिली काही वर्षं तर वायाच गेली. तुम्हाला आठवतं, पोट बिघडायचं आणि शिफ्टची बस चुकवता यायची नाही. बसमध्ये सोय नाही म्हणून तुम्ही उपाशी निघायचात. मी डबा भरून द्यायची आणि तो संध्याकाळी तसाच परत यायचा. पँटला पट्ट्यानं चुण्या पडायला लागल्या, पाय असे सुजले की कंपनीचे बूट चढेनात. कुणी म्हणालं गॅस, कुणी म्हणालं जंत. दत्तू भाऊजींनी, म्हणजे तुमच्या लाडक्या धाकट्या भावानं, करणी आहे असं छातीठोक सांगितलं आणि तुम्हाला वैजापूरच्या पलीकडे कुठल्या तरी भगताकडे नेलं. तुम्ही गेलातही. का गेलात विचारलं तर म्हणालात, "दत्तूनं रिक्षा आणली व्हती दारात. त्याला कसं नाय म्हणू?"

मग टीबी ठरला. आपल्याकडे आतड्याला सूज आणि माणूस वाळत चाललेला दिसला की पहिला संशय टीबीचाच येतो, त्याबद्दल त्या डॉक्टरांना मी बोल लावत नाही. पण महिनोन्महिने गोळ्या खाऊन लघवी लाल झाली, वजन उतरतच राहिलं, आणि तरी प्रत्येक वेळी "कोर्स पुरा करा" यापलीकडे त्या गृहस्थांच्या तोंडून शब्द निघाला नाही. तुमच्याकडे मान वर करून बघितलं असतं तरी पुरे होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तुम्ही मात्र जाताना त्यांना वाकून नमस्कार करायचात. एकदा तर शेतातले हरभरे घेऊन गेलात.

शेवटी अमोलनं हट्ट धरला आणि आपण त्या पोटाच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. लेकानं पहिल्यांदा बापाचं काही ऐकलं नाही, म्हणून तेवढं तरी झालं. त्यांनी तोंडातून दुर्बीण घालून, जठराच्याही पुढे जाऊन, आतड्याचे तुकडे काढले आणि तपासायला पाठवले. नंतर त्यांनी जे समजावलं ते मला आजही तोंडपाठ आहे. तुम्हाला ते कधीच नव्हतं. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्नातला कस तीच ओढून घेते. तुमची ती लव झडून गेली होती. गहू पोटात गेला की तुमचं शरीर चिडायचं गव्हावर आणि मारायचं स्वतःच्याच आतड्याला. त्यातला साधा प्रकार बऱ्याच जणांना असतो, गहू सोडला की बहुतेक माणसं सुधारतात. तुमचं त्याच्या पुढे गेलेलं होतं, क्वचितच दिसणारं. जागोजागी व्रण, आणि व्रण भरताना आवळलेलं आतडं. गहू तर सोडायचाच, पण त्यानं भागेलच असं नाही, गोळ्या लागतील, नजर ठेवावी लागेल, आतडं कुठे फुटलं तर जिवावर बेतेल. एवढं सगळं त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं.

तुम्ही शांतपणे ऐकलंत, मान डोलावलीत आणि विचारलंत, "पण साहेब, पाहुण्यात गेल्यावर एखादी पोळी चालंल ना?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "कणभरही नाही. लगेच दुखणार नाही, म्हणून तुम्हाला वाटेल काही होत नाही. आत होत राहील." बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणालात की माणूस हुशार आहे, पण जरा कडक आहे.

गंमत बघा. तुमच्या आईनं तुम्हाला ज्वारीच्या भाकरीवर वाढवलं. घरात पोळी व्हायची ती सणाला. तुम्ही वाळूजला कंपनीत लागलात, सिडकोत घर झालं, आणि तुम्हाला भाकरीची लाज वाटायला लागली. डब्यात पोळीच हवी, कारण सगळे पोळी आणतात. पाहुणे आले की पोळीच, भाकर द्यायला ते काय शेतावरचे गडी आहेत का. माणूस सुधारतो म्हणजे काय तर आईच्या हातचं सोडून चारचौघांसारखं खायला लागतो. आणि डॉक्टरांनी परत भाकरीवर आणून सोडलं तेव्हा तुमचा चेहरा असा झाला जणू कुणी तुमची नोकरी काढून घेतली.

घरात मी काय काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, पण आलेल्या गेलेल्यांना माहीत नाही, म्हणून एकदा लिहून टाकते. गिरणीत आपल्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असायचा, त्याचं पीठ आपल्या ज्वारीत यायचं, म्हणून घरची चक्की घेतली. तवा वेगळा, परात वेगळी. बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं हे कळल्यावर हिंगाची डबी शेजारी देऊन टाकली आणि फोडणी तशीच करायला शिकले. शेवया, रवा, बिस्किटं, सगळं बंद. मीही पोळी सोडली, कारण एका घरात दोन पिठं मला नको होती. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तुमचा चेहरा सुजला तर तुमचे नातेवाईक म्हणाले, "तब्येत सुधारली की, गालफडं भरली." अशा लोकांच्या सल्ल्यानं तुम्ही चालत होता.

पण ते काही महिने खरंच चांगले होते. ते मी नाकारणार नाही. पायांची सूज उतरली, अंगाला रक्त लागलं, रात्रीची झोप लागायला लागली. थंडीत आपण तुमच्या मळ्यात हुरडा खायला गेलो होतो. तुम्ही आगटीजवळ उकिडवे बसून कणसं चोळत होता आणि पहिली मूठ माझ्या हातात दिलीत. म्हणालात, "हे तर डॉक्टरबी खाऊ देतो. मग काय पाहिजे माणसाला." मला ताप आला तेव्हा तुम्ही स्वतः भाकरी थापलीत, जगाच्या नकाशासारखी, आणि ती मी सगळी खाल्ली. इतक्या वर्षांच्या संसारात तुम्ही माझ्याशी कधी आवाज चढवून बोलला नाहीत. तुमच्यासारखा नवरा मिळाला म्हणून बायका माझा हेवा करायच्या आणि त्यांचं खरं होतं. तुमचा राग येतो तो म्हणूनच इतका येतो. वाईट माणसाच्या मरणाचा एवढा त्रागा कोण करून घेतो?

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून झालं. डॉक्टर म्हणाले होते की हे घराण्यात उतरतं, मुलांचं रक्त तपासून घ्या. अमोलनं तपासून घेतलं, काही निघालं नाही. राहिली रोहिणी. लहानपणापासून किडकिडीत, जेवलं की पोट धरून बसणारी, अंगात रक्त कधी पुरेसं नाही. तिचं लग्न वैजापूरला होऊन वर्ष झालं होतं. एकदा दिवस राहिले होते ते वाया गेले होते आणि तिच्या सासूच्या बोलण्यात तेव्हापासून धार आली होती. मी म्हटलं, पोरीला बोलावून घेऊ, साधी रक्ताची तपासणी आहे. तुम्ही म्हणालात, कशाला.

मग खरं बाहेर आलं. तिच्या सासरी कळलं तर काय म्हणतील. व्याही आडतीचा धंदा करणारे, दारात धान्याच्या थप्प्या, आणि सून म्हणणार मला गहू चालत नाही? रोगट पोरगी गळ्यात मारली म्हणतील. मी म्हटलं, म्हणू देत. तेव्हा तुम्ही, कधी आवाज न चढवणारे तुम्ही, म्हणालात, "माझ्या जितेपणी तिच्या रक्ताला हात लावायचा नाय." आणि उठून गेलात. त्यावर आपण पुन्हा कधीच बोललो नाही. मला बोलायचं होतं. तुम्ही वर्तमानपत्र धरून बसायचात.

नंतर रोहिणीला मुलगी झाली, आपल्याकडेच बाळंतपण झालं आणि आपण मायलेकींना पोचवायला वैजापूरला गेलो. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही ही आपली रीत. तोवर तुम्ही त्या रीतीच्या आडोशानं सुटत आला होता, दारात उभे राहून चहा घेऊन परत फिरायचात. आता रीत सुटली. व्याह्यांनी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, पहिल्यांदा आमचं अन्न लागतंय तुमच्या तोंडाला, म्हणाले. ताटात पुरणपोळी होती. माझ्या पिशवीत तुमच्यासाठी भाकरीचा डबा होता आणि तो मी बाहेर काढताच तुम्ही डोळ्यांनी मला दटावलंत. पाहुण्याच्या मांडवात आपली शिदोरी सोडायची म्हणजे त्यांच्या तोंडात मारण्यासारखं, असं तुम्हाला वाटायचं.

व्याही म्हणाले, "खा हो, एका घासानं काय होतंय." तुम्ही खाल्लंत. आग्रह झाला, आणखी खाल्लंत. मी बायकांच्या ओळीतून बघत होते आणि रोहिणीही बघत होती. तिच्याही ताटात तेच होतं. परतीच्या वाटेवर तुम्ही गाडीत खुशीत होता. म्हणालात, "लई मान दिला त्यांनी." मी खिडकीबाहेर बघत बसले. मला तुमची कीव आली होती आणि नवऱ्याची कीव येणं फार वाईट असतं.

त्या दिवसानं तुम्हाला मारलं असं मी म्हणत नाही. मी डॉक्टरांना तसं विचारलं होतं, तर ते म्हणाले की या आजारात पथ्य काटेकोर पाळूनही कधी कधी आतडं साथ देत नाही, नक्की कशानं झालं ते सांगता येत नाही. म्हणजे माझ्या रागाला शेवटचा आधारही मिळाला नाही. पण त्या दिवशी तुमची पथ्य मोडायची भीती गेली ती कायमचीच, एवढं आता मला या भेटायला येणाऱ्यांकडून कळतंय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तुमच्या बाबतीत ते शब्दशः झालं.

मग ते एकाएकी उठलेलं दुखणं, लाकडासारखं कडक झालेलं पोट, ऑपरेशन. आतडं फुटलं होतं. ऑपरेशननंतर एकदा तुम्ही शुद्धीवर आलात. मी तुमचा हात धरून विचारलं, कुठं कुठं खाल्लंत ते मला खरं सांगा. तुम्ही ओठ हलवलेत, मी कान जवळ नेला. म्हणालात, "त्यांना वाईट वाटलं असतं गं." माझं काय, हे मला तेव्हा विचारायचं होतं. मला वाईट वाटेल असं तुमच्या मनात कधी आलं नाही का? मी घरची, माझी कसली भीड. विचारणार होते, तेवढ्यात सिस्टरनं बाहेर काढलं. मग तुम्ही बोललाच नाहीत.

त्याच हॉस्पिटलात, तुम्ही आत मशीनवर असताना, मी रोहिणीला घेऊन डॉक्टरांपुढे बसले. तिच्या रक्ताला हात लावला. तुमच्या जितेपणीच लावला, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. रक्तात सापडलं, मग दुर्बीण झाली, तुकडा काढला. त्याचा निकाल तुम्ही गेल्यावर आला. तोच आजार आहे, पण आत्ता साधा आहे. डॉक्टर म्हणाले, गहू पूर्ण सोडला तर ही पोरगी ठणठणीत राहील, बापासारखं होणार नाही. बाळावरही पुढे लक्ष ठेवा म्हणाले. रोहिणी कागद हातात घेऊन बसली होती. मी तिला एवढंच म्हटलं की सासरी सांगायचं की नाही ते तू ठरव. मला भीती वाटत होती. रक्त तुमचं होतं आणि नुसतं रक्तच नव्हे, स्वभावही तुमचाच घेऊन आलीय ती. लहानपणी मैत्रिणीनं पाटी मागितली तर ही बोटानं धुळीत लिहायची.

काल तेरावा झाला. व्याही-विहीण दुखवटा घेऊन आले होते. दत्तू भाऊजी, बिडकीनचे चुलतभाऊ, समोरच्या काकू, सगळे होते. बाहेर आचारी लावला होता, गोड जेवणात पुरणपोळी. मी नको म्हटलं होतं, तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, माणूस गेलं तरी लोकांचं तोंड गोड कराया नको का?" पानं मांडली. लेकीचं तोंड आधी गोड करायचं म्हणून विहीणबाई पुरणपोळीचा तुकडा घेऊन रोहिणीसमोर उभ्या राहिल्या. "घे, बापाच्या नावानं एवढं तोंड गोड कर." सगळी पंगत तिच्याकडे बघत होती. तिनं पोरीला मांडीवर घेतलं होतं. तिची मान खाली होती आणि मला वाटलं, गेली. आता तोंड उघडणार आणि हीही तुमच्याच वाटेनं जाणार.

तिनं मान वर केली. "नाय आत्या. अण्णांचा आजार मला हाय. आजपासनं मी गहू खाणार नाय. तुमच्या घरी बी नाय."

विहीणबाईंचा हात तसाच राहिला. जावई खाली बघायला लागले. व्याही जरा हसल्यासारखं करून म्हणाले, "पोरी, चारचौघांत असं बोलत्यात का? आज एवढा घे, मग घरी गेल्यावर बघू."

रोहिणी म्हणाली, "माझ्या बापानं तुमच्या शब्दाला कधी नाय म्हणलं नाय मामा. मला म्हणावं लागंल."

तिनं डोळे खाली केले नाहीत. दत्तू भाऊजी पाणी वाढायला लागले, कुणी मागितलं नव्हतं तरी. मी आत गेले, तवा ठेवला आणि माझ्या लेकीसाठी भाकरी थापली. ती सगळ्यांच्या देखत पंगतीत बसून जेवली. विहीणबाईंचा फुगलेला चेहरा मी पाहिला. पुढे तिला काय काय ऐकावं लागणार आहे तेही मला दिसतंय. ऐकेल ती.

तुम्ही काल असता तर सगळ्यांत आधी तुम्हीच उठला असता. व्याह्यांपुढे हात जोडले असते, पोर दुःखात आहे, बोलून गेली, मनावर घेऊ नका, म्हणाला असता. आणि विहीणबाईंच्या हातातला तो तुकडा घेऊन तिच्या तोंडात तुम्हीच घातला असता, मायेनं, डोळ्यांत पाणी आणून. तिनं तुमच्यासाठी तो गिळला असता. तुमच्यावाचून घर खायला उठतंय. खुंटीवरचा तुमचा सदरा मला अजून काढवत नाही. हे सगळं खरं आहे. पण काल, पोरगी मान वर करून बोलत होती तेवढा वेळ, तुम्ही तिथं नव्हता याचं मला बरं वाटलं.